हात धरायचा की हात द्यायचा? दृष्टिहीन प्रौढ आणि प्रशिक्षित माणसांची वानवा

मशिदीच्या पायऱ्यांवर आपण हे दृश्य कितीदा तरी पाहतो. एखादे अंध बुजुर्ग येतात आणि दोन-तीन जण एकदम धावतात. एक मनगट पकडतो, दुसरा पाठीमागून ढकलतो, तिसरा मोठ्याने ओरडतो, ‘चाचा, पायरी आहे, पायरी!’ नियत चांगलीच असते, सवाबाचं काम म्हणूनच सगळे पुढे येतात. पण त्या क्षणी चाचा घाबरलेले असतात. ज्याला मागून ढकललं जातं त्याला पुढे काय आहे ते कळत नाही.

शिकलेला माणूस वेगळं करतो. तो आधी सलाम करतो, आपलं नाव सांगतो. मग आपल्या हाताची पाठ त्यांच्या हाताला हलकेच लावतो. चाचा त्याचा हात कोपराच्या थोडा वर धरतात आणि तो अर्धं पाऊल पुढे राहून चालतो. पायरी आली की त्याचं शरीर वर जातं, चाचांना ते कोपरातूनच समजतं. ओरडायची गरज नाही. वाटेल तेव्हा चाचा हात सोडू शकतात, कारण धरलेलं त्यांनी आहे, आपण नाही.

एवढं शिकायला अर्धा तास पुरतो. या लेखाचा विषय मात्र त्याच्या पुढचा आहे. त्याच चाचांना ऐकूही येत नसेल तर? मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर? किंवा घरात पंचवीस वर्षांचा जन्मांध मुलगा आहे, ज्याची बौद्धिक वाढही अपुरी आहे आणि जो आजवर एक शब्दही बोललेला नाही, त्याला कोणी कसं शिकवायचं? यासाठी वेगळं, वरच्या पातळीचं प्रशिक्षण लागतं. आपल्या समाजात ते घेतलेली माणसं शोधून सापडत नाहीत.

ही बेरीज नाही

अंध माणूस कानांनी भरपाई करतो. रिक्षाचा आवाज, अजानची दिशा, घरात कोणाचं पाऊल वाजलं, यावर त्याचं जग उभं असतं. बहिरा माणूस डोळ्यांनी भरपाई करतो. दोन्ही गेलं की भरपाईचा रस्ताच बंद होतो. म्हणून अंधांचा शिक्षक अधिक बहिऱ्यांचा शिक्षक म्हणजे अंध-बधिरांचा शिक्षक, हे गणित चुकतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मानली, त्यात अंध-बधिरत्वासह बहुविकलांगता वेगळी धरली ती याच कारणाने. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले. त्यात सुमारे ५० लाख दृष्टिबाधित आणि सुमारे २१ लाख बहुविकलांग होते.

अशर सिंड्रोमचं उदाहरण घेऊ. मूल जन्मतः बहिरं किंवा कमी ऐकणारं असतं. मग बऱ्याचदा किशोरवयात रात्रीचं दिसणं कमी होऊ लागतं, आणि पुढे नजरेचा घेर चारी बाजूंनी आकसत जातो. एखाद्या नळीतून बघावं तसं. घरचे म्हणतात, पोरगा बेपर्वा झालाय, समोरच्या बादलीला धडकतो, इशारा केला तरी बघत नाही. खरं तर इशारा त्याच्या नजरेच्या घेराबाहेर झालेला असतो. जाणकार माणूस अशा मुलासमोर थोडा लांब उभा राहतो आणि हातांच्या खुणा छातीजवळ, छोट्या करतो. पुढे नजर आणखी गेली तर त्याच खुणा हातात हात घेऊन, स्पर्शाने कराव्या लागतात. हा बदल नजर शिल्लक असतानाच शिकवायला हवा. नंतर सुरुवात केली तर मधली काही वर्षं तो माणूस कोणाशीच बोलू शकत नाही.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे, काही वाचक नाराज झाले तरी. अशर सिंड्रोम आणि नजर आकसण्याचे इतर काही आजार अशा जनुकांमुळे होतात, जी आई आणि बाप दोघांकडून आली तरच आजार उमटतो. जवळच्या नात्यात लग्न झालं की दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. चुलत-मावस भावंडांचा निकाह जायज आहे, त्यावर आमचा वाद नाही. पण खानदानात आधीच कोणी बहिरं किंवा रातांधळं असेल, तर रिश्ता पक्का करण्याआधी जनुकीय सल्ला घ्यायला शरीयत आडवी येत नाही.

शुगरने गेलेली नजर

जन्मांधांपेक्षा चाळिशी-पन्नाशीनंतर नजर गेलेली माणसं आपल्या आसपास जास्त दिसतात. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होतो हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण तोच मधुमेह बोटांच्या आणि पायांच्या नसाही मारतो, हे पुनर्वसनाच्या वेळी विसरलं जातं. एखादा भला माणूस अशा रुग्णाला ब्रेल शिकवायला घेतो. महिना जातो, दोन महिने जातात, ठिपके हाताला लागत नाहीत. रुग्ण समजतो, आपलं डोकं चालत नाही. दोष डोक्याचा नसतो, बोटाच्या टोकाची संवेदनाच गेलेली असते. जाणकार माणूस पहिल्याच भेटीत बोटं तपासतो आणि मोबाइलवरच्या बोलत्या स्क्रीनरीडरकडे वळतो. ब्रेलचा हट्ट धरत नाही.

पांढऱ्या काठीचंही तसंच. काठीच्या टोकाला खड्डा लागला की तो मुठीत जाणवायला हवा. हात बधिर असेल तर जड मूठ, वेगळं टोक, कधी चालण्याची पद्धतच बदलावी लागते. लांब काठीची आजची पद्धत रिचर्ड हूवर यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत युद्धात अंध झालेल्या जवानांसाठी बसवली. जवानांची बोटं शाबूत होती. साठीतल्या मधुमेही अम्मीला तीच पद्धत जशीच्या तशी लागू होईल, असं समजणं चूक.

आणि पाय. बधिर पायाला काच लागली तर दुखत नाही. डोळस माणसाला निदान रक्त तरी दिसतं. अंध मधुमेहीला ना दुखतं ना दिसतं. म्हणून रोज झोपण्याआधी दुसऱ्या कोणीतरी दोन्ही तळवे आणि बोटांच्या मधल्या फटी पाहायच्या असतात. हिवाळ्यात वजूसाठी दिलेलं गरम पाणी आधी घरच्याने तपासायचं असतं. रोज वजूत पाय धुतले जातात, म्हणजे पाय पाहायची वेळ आपल्याकडे आयतीच ठरलेली आहे. रमजानमध्ये इन्सुलिनचं काय करायचं हे मात्र शाबान महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठरवावं.

‘असर’ नव्हे

आमच्या ओळखीतलं एक घर आहे. घरातल्या आजोबांची नजर जवळजवळ गेलेली. एक दिवस ते सुनेला हळूच म्हणाले, ‘दरवाजात लहान लहान माणसं उभी आहेत, रंगीत कपड्यातली.’ घरात खळबळ. कोणी म्हणालं असर झाला, कोणी म्हणालं वेड लागलं. आमिलकडे नेलं, तावीज झाले, पैसे गेले. आजोबांनी पुढे बोलणंच बंद केलं. माणसं दिसायची थांबली नव्हती. सांगितलं की काय होतं ते त्यांना कळून चुकलं होतं, म्हणून ते गप्प झाले. सहा-सात महिन्यांनी एका नेत्रतज्ज्ञाने दोन मिनिटांत उलगडा केला.

याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. चार्ल्स बोने या स्विस विद्वानाने १७६० मध्ये आपल्याच आजोबांच्या अनुभवावरून त्याचं वर्णन केलं होतं. डोळ्यांकडून चित्रं येणं कमी झालं की मेंदू कधीकधी स्वतःच चित्रं तयार करतो. चेहरे, छोटी माणसं, जाळीची नक्षी, फुलं. ही चित्रं मुकी असतात, त्यांना आवाज नसतो. आणि ती खरी नाहीत हे त्या माणसाला सहसा ठाऊक असतं, निदान सांगितल्यावर पटतं. नजर हलवली, दिवा लावला, जागा बदलली की बऱ्याचदा ती जातात. माणूस वेडा नसतो. आवाजही येत असतील, कोणी हुकूम देतंय असं वाटत असेल, किंवा विसरभोळेपणा वाढत असेल, तर प्रकरण वेगळं आहे आणि डॉक्टरकडे नेलंच पाहिजे. हा फरक ओळखणं हाच या कामातल्या शिक्षणाचा गाभा आहे. जिन्नांच्या अस्तित्वावर आमचा ईमान आहेच, पण नजर गेलेल्या प्रत्येक बुजुर्गाला दिसणारं प्रत्येक चित्र जिन्नाच्या माथी मारणं हा त्या माणसावर जुल्म आहे.

प्रशिक्षित माणूस नजर कमी झालेल्या प्रत्येकाला आपणहून विचारतो, ‘कधी असं काही दिसतं का, जे तिथे नसतं? बऱ्याच जणांना दिसतं.’ एवढ्या एका वाक्याने अनेक महिन्यांचं ओझं उतरतं.

टोपी हातात दिली की जुमा

आता त्या पंचवीस वर्षांच्या मुलाकडे येऊ. दिसत नाही, बोलत नाही, किती समजतं हे घरच्यांनाही माहीत नाही. अचानक कोणीतरी दंड धरतं, उठवतं, अंगावर पाणी ओततं. तो हात-पाय झाडतो, स्वतःला चावतो. मग त्याला ‘मारका’ म्हटलं जातं आणि एका खोलीत ठेवलं जातं. त्याच्या बाजूने विचार करा. अंधारात, न सांगता, कोणीतरी रोज आपल्यावर पाणी ओततंय.

नेदरलँड्सचे यान फान डाइक यांनी अंध-बधिर मुलांबरोबर काम करून जी पद्धत विकसित केली, तिचा उपयोग आज जगभर होतो. प्रत्येक कामाआधी त्या कामाची एक ठरलेली वस्तू हातात द्यायची. अंघोळीआधी टॉवेलचा तुकडा, चहाआधी त्याचा कप, जुम्याला जाताना टोपी. वस्तू दरवेळी तीच, बदलायची नाही. मग त्या वस्तू क्रमाने एका पेटीच्या कप्प्यांत ठेवायच्या, म्हणजे दिवस त्याला हाताने ‘वाचता’ येतो. काम झालं की वस्तू ‘संपलं’च्या डब्यात. महिनोन्महिने काहीच घडत नाही असं वाटतं. आणि एखाद्या दिवशी तो स्वतः टोपी उचलून अब्बूंच्या हातात देतो. त्याचं पहिलं वाक्य ते असतं.

शिकवताना त्याचा हात वरून धरून चालवायचा नाही. आपला हात खाली, त्याचा हात आपल्या हातावर. यात फरक काय, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं. हात वरून धरला की त्याच्यावर जबरदस्ती होते आणि तो हात ओढून घेतो. आपला हात खाली असला की तो आपलं काम स्पर्शाने बघतो आणि नको वाटलं तर हात काढून घेऊ शकतो. ज्याच्यासाठी बोटं हेच डोळे आहेत, त्याची बोटं पकडणं म्हणजे डोळे झाकण्यासारखंच आहे. दुसरी गोष्ट थांबण्याची. विचारल्यावर उत्तर यायला अर्धा-पाऊण मिनिटही लागू शकतं. आपण पाच सेकंदांत पुन्हा विचारतो, आणि त्याची सुरुवात पुन्हा शून्यावर येते. आम्हा शिक्षकांना हे सगळ्यात जड जातं. वर्गात प्रश्न विचारून मनातल्या मनात तीसपर्यंत मोजून बघा.

तो डोकं आपटतो तेव्हाही ‘वाईट सवय’ म्हणण्याआधी दात, कान, पोट तपासायला हवं. दुखतंय हे सांगायला त्याच्याकडे दुसरा मार्ग नाही.

एक अडचण खास आपली आहे. केंद्रात ‘बस’, ‘जेवण’, ‘झोप’ शिकवतात, घरी ‘बैठ’, ‘खाना’, ‘सो जा’. साध्या मुलाला दोन भाषा म्हणजे वरदान. आमचाच अनुभव तसा आहे. पण ज्याला एकेक शब्द पकडायला वर्ष लागतं, त्याच्यासाठी घर आणि केंद्र यांनी मिळून शब्द आधी ठरवायला हवेत. त्यासाठी केंद्रातल्या कोणाला तरी घरची भाषा यायला हवी.

शिकवणारे कुठे घडतात?

गंमत म्हणजे आपल्या देशात सरकारी पातळीवरचं हे काम प्रौढांपासून सुरू झालं. १९४३ मध्ये डेहराडूनला युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स वसतिगृह निघालं आणि १९५० मध्ये तिथेच प्रौढ अंधांचं प्रशिक्षण केंद्र झालं. आजची डेहराडूनची राष्ट्रीय दृष्टिदिव्यांग संस्था त्यातूनच वाढली. पुढे मात्र शिक्षकांचे अभ्यासक्रम शाळेभोवती बांधले गेले. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली. या क्षेत्रात काम करणाऱ्याचं नाव तिच्या केंद्रीय नोंदवहीत असावं लागतं. बारावीनंतर विशेष शिक्षणाची पदविका, पदवीनंतर विशेष बी.एड., असे रस्ते आहेत. त्यात दृष्टिबाधितांसाठी आणि बहुविकलांगांसाठी वेगळ्या शाखा आहेत. मुंबईत बेरोज वाच्छा यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली हेलन केलर संस्था अंध-बधिरांच्या शिक्षणातली जुनी आणि मोठी संस्था. अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया १९९७ पासून याच कामात आहे.

पण विशेष शिक्षणाच्या या पदव्यांचा मध्यबिंदू मूलच आहे. कायदाही ६ ते १८ या वयाला मोफत शिक्षणाचा हक्क देतो. एकोणिसाव्या वाढदिवसाला तेच मूल, तीच गरज, आणि दार बंद. २०१६ च्या कायद्याचं कलम ३८ जास्त आधाराची गरज असलेल्यांना मदत मागायचा हक्क देतं. गरज किती आहे हे मूल्यमापन मंडळ ठरवतं. पण अंध-बधिर माणसाची गरज पाहायला अंध-बधिरत्व जाणणारं कोणी तिथे नसेल तर? इंग्लंडने २०१४ च्या केअर कायद्याच्या नियमांत हे स्पष्टच लिहिलं आहे की अंध-बधिर प्रौढाचं मूल्यमापन त्या विषयाचं खास प्रशिक्षण असलेल्यानेच करायचं. आपल्याकडे अशी अट आली तर ती पुरी करणारी माणसं लागतील, आणि ती आधी घडवावी लागतील.

प्रौढांसाठीच्या वरच्या प्रशिक्षणात काय हवं? शिल्लक नजर कशी वापरली जाते ते घरात, स्वयंपाकघरात, गल्लीत जाऊन पाहणं. कारण दवाखान्यातल्या तक्त्यावर आणि घरातल्या अंधाऱ्या जिन्यावर तोच डोळा वेगळा वागतो. औषधांचे परिणाम. स्पर्शाची परवानगी कशी मागायची आणि अत्याचाराची चिन्हं कशी ओळखायची. डोळ्यांवर पट्टी आणि कानात बोळे घालून चालायचा सराव बहुतेक ठिकाणी असतो. आमच्या मते त्याचा गवगवा जास्त आहे. त्याने पहिल्या दिवशीची भीती कळते, वीस वर्षं तसं जगणाऱ्याचं कौशल्य कळत नाही. ते कळायचं तर शिकवणाऱ्यांत स्वतः दृष्टिहीन असलेला प्रौढ हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम. एखाद्या माणसाबरोबर काही महिने राहणं, आणि आपण कुठे चुकलो ते जाणत्याकडून ऐकून घेणं.

कायद्याचं ज्ञानही त्यातच येतं. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेक आईबापांना माहीत नसतं. बहुविकलांग प्रौढासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. याच न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. उलट, केवळ अंध असलेल्या माणसाला पालकाची गरज नाही. तो सही करू शकतो, बँकेत खातं चालवू शकतो. त्याच्या नावावरची जमीन ‘त्याला दिसत नाही’ म्हणून भावांनी सांभाळणं हा वेगळाच किस्सा आहे, आणि तो अनेक घरांत चालू आहे.

आपल्या मुलींसाठी जागा

ह. अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) अंध सहाबी होते. सूरह अबस त्यांच्या निमित्ताने उतरली, हे लहान मुलालाही माहीत असतं. कमी सांगितलं जातं ते हे की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना अजानची जबाबदारी दिली, आणि मदीनेबाहेर जाताना मदीनेत मागे आपला नायब म्हणून नेमलं. आपण आज अंधाला जकातीतून राशन देतो आणि मोकळे होतो. राशन द्यायलाच हवं. पण त्याला काम करता यावं म्हणून शिकवणारा माणूस घडवायला जमातीच्या खर्चात एकही रकाना नसतो.

शिवाय हे सगळं काम हाताला हात लावून चालतं. पुरुष शिक्षक असेल तर बरीच घरं मुलीला पाठवत नाहीत. म्हणून कमी शिकतात त्या मुली आणि बाया. आंधळी, बहिरी, आणि वर घरातच कोंडलेली. उपाय एकच, स्त्री प्रशिक्षक. आपल्याकडे डी.एड., बी.एड. करून घरी बसलेल्या मुली मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत. उर्दू, मराठी दोन्ही येतं, घरात बुजुर्गांची खिदमत केलेली असते. आमच्यासारखं साधं बी.एड. इथे चालत नाही, विशेष शिक्षणाची पदवी वेगळी घ्यावी लागते. ब्रेलची भीती बाळगू नये. भारती ब्रेलमध्ये मराठीचा ‘क’ आणि उर्दूचा ‘काफ’ यांचे ठिपके एकच आहेत, आणि उर्दू ब्रेलही डावीकडून उजवीकडेच वाचली जाते. एक लिपी शिकली की दुसरी अर्धी आलीच.

प्रवेश घेताना एवढं पाहावं. ‘दिव्यांग शिक्षक प्रमाणपत्र’ अशा नावाने फी उकळणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यतेचं वर्ष, तिन्ही तिथे जुळले तरच पैसे भरावेत. आणि प्रत्यक्ष काम कुठे करायला मिळणार, तिथे अठरा वर्षांवरचे किती जण येतात, हे पहिल्याच दिवशी विचारावं.